डावातले पत्ते, कौलाचे पत्ते

टॅरोचा पूर्ण कॅट ७८ पानांचा असतो. त्यातली ५६ पाने नेहमीच्या पत्त्यांच्या नात्यातली आहेत: पेले, नाणी, तलवारी आणि दंड असे चार रंग, प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि त्यांच्यावर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा अशी चार चित्रे. उरलेली २२ पाने कुठल्याच रंगात बसत नाहीत. त्यांत सम्राट आहे, पोप आहे, प्रेमी युगुल, रथ, दैवाचे चक्र, मृत्यू, सैतान, कोसळता मनोरा, चंद्र आणि सूर्य आहेत. शिवाय पाठीवर गाठोडे टाकून निघालेला एक वेडा आहे. आज जगभर असंख्य माणसे रोज सकाळी हा कॅट पिसून त्यातले एक पान काढतात आणि उगवलेला दिवस त्या पानाच्या अंगाने पाहतात. ही रीत प्राचीन मानली जाते, पण तिचे वय फार नाही. हे पत्ते जन्मले ते खेळण्यासाठी आणि पहिली साडेतीनशे वर्षे ते मुख्यतः खेळलेच गेले. त्यांना भविष्याचे अर्थ कोणी दिले, केव्हा दिले आणि कशाच्या आधारावर दिले, याची बरीचशी नोंद उपलब्ध आहे. दंतकथांपेक्षा ही नोंद जास्त रंजक आहे.

युरोपात पत्ते आले ते इस्लामी जगातून, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १३७७ साली फ्लॉरेन्सच्या नगरसत्तेने ‘नायब्बे’ नावाच्या नव्याने आलेल्या खेळावर निर्बंध घातले. त्याच वर्षी ऱ्हाइनफेल्डनच्या योहानेस या धर्मगुरूने पत्त्यांवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात मामलुक काळातला हाताने रंगवलेला एक कॅट जपलेला आहे. त्यात चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. चित्राच्या पानांवर माणसांची चित्रे नाहीत, राजा आणि त्याचे नायब यांची नुसती पदे लिहिलेली आहेत. पोलो युरोपीयांच्या ओळखीचा नव्हता, म्हणून इटलीत त्या काठ्यांचे दंड झाले. बाकीचे तीन रंग जवळजवळ तसेच राहिले. फ्रान्समध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस बदाम, चौकट, किलवर आणि इस्पिक ही सोपी चिन्हे रूढ झाली. ती साच्यातून झटपट रंगवता येत, त्यामुळे पत्ते स्वस्त झाले आणि पुढे हेच पत्ते जगभर पोहोचले.

याच इस्लामी कुळाची दुसरी शाखा भारतात आली, ती म्हणजे गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफा आठ रंगांचा आणि ९६ पानांचा. महाराष्ट्रात रुजलेला दशावतारी गंजिफा दहा रंगांचा, १२० गोल पानांचा. सावंतवाडीचे चितारी ही पाने लाखेचा लेप देऊन रंगवत आले आणि ही कला मरणपंथाला लागली तेव्हा शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभे केले. दशावतारी डावात दिवसा रामाचे पान हाती असलेल्याने उतारी करायची आणि रात्री कृष्णाचे पान असलेल्याने, असा संकेत आहे. देवादिकांची चित्रे असूनही गंजिफाची ख्याती खेळ म्हणूनच झाली. युरोपातल्या शाखेने मात्र पुढे निराळे वळण घेतले.

त्या वळणाची सुरुवात उत्तर इटलीत झाली. नेहमीच्या चार रंगांना तिथे २२ चित्रांची जादा माळ जोडली गेली आणि या नव्या कॅटला ‘त्रिओन्फी’ म्हणू लागले. १४४० साली जुस्तो जुस्ती नावाच्या नोटरीने आपल्या रोजनिशीत असा एक कॅट सिजिस्मोंदो मालातेस्ता या सरदाराला भेट दिल्याचे लिहिले आहे. १४४२ मध्ये फेराराच्या एस्ते घराण्याच्या हिशेबवह्यांतही त्रिओन्फीची खरेदी सापडते. डावातले त्या चित्रांचे काम साधे होते. ती कायमची हुकमाची पाने होती. आपल्याकडे डावागणिक हुकूम ठरतो, तिथे हुकमाची २१ पाने चढत्या क्रमाने आधीच ठरलेली असत आणि कुठल्याही रंगाचा हात ती मारत. वेडा या क्रमाबाहेरचा. तो टाकला की रंग पाळण्यातून सुटका होई.

सर्वांत सुंदर जुना कॅट मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्त्सा घराण्यांच्या नावाने ओळखला जातो. तो १४५० च्या सुमारास तयार झाला. चित्रे बोनिफाचो बेम्बो या चित्रकाराची मानली जातात. त्याची ७४ पाने आज उरली आहेत: ३५ न्यू यॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या कारारा अकादमीत आणि १३ एका खासगी संग्रहात. सैतान, मनोरा, तलवारीची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार ही चार पाने नाहीत. प्रत्येक पान साधारण साडेसतरा सेंटिमीटर उंच आणि पावणेनऊ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तळहाताहून मोठे. चित्रांची पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाची, त्यावर ठशाने उठवलेली नक्षी. पानांवर नाव नाही, आकडाही नाही. खेळणाऱ्याला चित्रांचा चढता क्रम पाठ असावा लागे. अनेक पानांच्या वरच्या कडेला टाचणीचे भोक आहे, त्यावरून ती कधीतरी भिंतीवर टाचली गेली असावीत. सहा पानांवरचा हात वेगळ्या चित्रकाराचा आहे, म्हणजे ती मागाहून भरून काढलेली.

यातल्या एका पानावर एक तरुण एका पायाने उलटा टांगलेला आहे. हात पाठीमागे, दुसरा पाय गुडघ्यात दुमडलेला, चेहरा शांत. आजचे टॅरोवाचक या पानाचा अर्थ थांबणे, त्याग करणे, उलट्या बाजूने पाहणे असा सांगतात. पंधराव्या शतकातल्या इटालियन माणसाला ते चित्र पाहताच गद्दार आठवे. कर्ज बुडवणाऱ्यांची आणि फितुरांची अशी उलटी टांगलेली चित्रे शहराच्या भिंतींवर काढून त्यांची बदनामी करण्याची तिथे प्रथा होती. या कॅटचा मालक मानल्या जाणाऱ्या फ्रांचेस्को स्फोर्त्साचा बाप मुत्सिओ आत्तेंदोलो हा भाडोत्री सेनापती. त्याने पक्ष बदलला तेव्हा पोपपदाच्या एका दावेदाराने त्याचेही असे चित्र रोममध्ये लावले होते. पानाचे जुने इटालियन नावही ‘गद्दार’ असेच होते. चित्र पाचशे वर्षे जवळपास तेच राहिले, पण भिंतीवरची ती प्रथा विसरली गेली आणि रिकाम्या जागेत नवा अर्थ येऊन बसला. टॅरोच्या बहुतेक पानांचे असेच झाले आहे. न्यू यॉर्कच्या ग्रंथपाल गर्ट्रूड मोकली यांनी १९६६ साली मांडले की ही २२ चित्रे इटलीतल्या उत्सवी मिरवणुकांसारखी आहेत, ज्यांत प्रत्येक रथ आधीच्या रथावर मात करत पुढे येतो. प्रेम राजावर मात करते, मृत्यू प्रेमावर, आणि शेवटी देवाचा न्याय सगळ्यांवर. प्रत्येक हुकूम खालच्या हुकमाला मारतो, या खेळाच्या नियमाशी हे चांगले जुळते.

सोन्याचे पत्ते राजघराण्यांपुरते होते. सामान्य माणसाच्या हातात आले ते लाकडी ठशांवरून छापलेले. ठशाने काळ्या रेषा उमटवायच्या, कागदाचे थर चिकटवून पुठ्ठा करायचा, कापलेल्या साच्यांतून एकेक रंग भरायचा आणि पाने कापायची, असा हा उद्योग. सतराव्या आणि अठराव्या शतकांत तो फ्रान्समध्ये बहरला आणि त्यातून ज्याला पुढे ‘मार्सेय टॅरो’ म्हटले गेले तो साचा ठरला. निकोला कोन्व्हेरचा १७६० चा मार्सेयमधला कॅट त्याचा नामांकित नमुना. लाल, निळा, पिवळा असे मोजके रंग, जाड रेषा, खाली नाव आणि वर रोमन आकडा. साध्या पानांवर मात्र चित्र नाही. तलवारीची अठ्ठी म्हणजे आठ वाकड्या तलवारी आणि मध्ये एक फूल, बस्स. खेळणाऱ्याला याहून जास्त काही नको होते. रोजच्या वाचनासाठी हा कॅट आजही वापरणारे आहेत आणि त्यांची अडचण तीच आहे: ५६ पैकी ४० पाने आकडा आणि रंग यांपलीकडे काही सांगत नाहीत. अर्थ पाठ करावा लागतो, किंवा पाने शेजारी शेजारी मांडून त्यांच्या संबंधातून काढावा लागतो.

पत्त्यांवरून कौल घेण्याचे प्रयोग त्याआधीही तुरळक झाले होते. १५४० साली व्हेनिसमध्ये फ्रांचेस्को मार्कोलिनीने एक प्रश्नावली छापली. तीत पत्ते काढायचे ते पुस्तकातल्या उत्तराच्या ओळींपर्यंत पोहोचण्यासाठी. भविष्य पुस्तकात होते, पत्ते फक्त वाट दाखवत. पानाला स्वतःचा अर्थ जोडलेला दिसतो तो अठराव्या शतकात. बोलोन्यात सापडलेल्या, १७५० च्या आसपासच्या एका हस्तलिखितात ३५ टॅरो पानांचे अर्थ नोंदलेले आहेत, तेही एकेका शब्दात: प्रवास, भांडण, विवाहित पुरुष, असे. रोज पत्ते पाहणाऱ्या माणसाचे एक जुने वर्णन कासानोव्हाच्या आठवणींत मिळते. १७६५ साली तो रशियात होता. त्याच्या घरातली एक शेतकरी मुलगी रोज पत्ते मांडून पाही आणि त्यांच्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तो एका रात्री बाहेर राहून आला तेव्हा तिने पंचवीस पानांचा चौकोन मांडून त्याने रात्रभर काय केले ते त्याला दाखवले. त्याने ते पत्ते उचलून विस्तवात टाकले. हे टॅरो नव्हते, साधे खेळण्याचे पत्ते होते. पत्त्यांच्या दैनंदिन वाचनाची परंपरा लिहायची तर तिची सुरुवात अशा निनावी, निरक्षर बायकांपासून करायला हवी. पुस्तके लिहिणारे पुरुष नंतर आले.

त्यांतला पहिला ज्याँ-बाप्तिस्त आलियेत, पॅरिसमधला बियाणे आणि छापील चित्रे विकणारा व्यापारी. आपले आडनाव उलटे लिहून तो ‘एतेया’ झाला. १७७० साली त्याने ३२ पानांच्या पिके खेळाच्या कॅटवरून भविष्य पाहण्याची रीत पुस्तकरूपात दिली. त्या ३२ पानांत त्याने प्रश्नकर्त्याचे म्हणून एक जादा पान घातले. पान सुलटे आले तर एक अर्थ, उलटे आले तर दुसरा, ही आजही चालणारी पद्धत त्याने रूढ केली. पुढे त्याने टॅरोकडे मोहरा वळवला आणि १७८९ च्या सुमारास केवळ भविष्यासाठी आखलेला पहिला टॅरो कॅट काढला. त्यातल्या पानांच्या दोन्ही टोकांना शब्द छापलेले होते, वर सुलटा अर्थ आणि खाली उलटा. पाठांतराची गरजच उरली नाही. शिकाऊ वाचकासाठी याहून सोयीची युक्ती नंतरच्या दोनशे वर्षांतही क्वचितच निघाली.

टॅरोला इजिप्तचे वंशजत्व चिकटवले ते आंत्वान कूर द जेब्लाँ या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने. पॅरिसमध्ये एका सरदारणीकडे त्याने हा खेळ चाललेला पाहिला. पॅरिसला तेव्हा तो अनोळखी झाला होता. पाने न्याहाळून पाव तासाच्या आत त्याने जाहीर केले की हा प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ आहे आणि १७८१ साली आपल्या विशाल ग्रंथाच्या आठव्या खंडात ते छापले. त्याच खंडात कोंत द मेले याने २२ पानांचा संबंध हिब्रूच्या २२ अक्षरांशी जोडला. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. रोझेटा शिळा सापडायला अजून १८ वर्षे होती आणि शाम्पोलियोंने लिपी उलगडली १८२२ साली. ती उलगडल्यावर टॅरोचा तिथे मागमूसही निघाला नाही, पण तोवर कथा घट्ट रुजली होती. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गूढवादी एलिफास लेव्हीने तिला यहुदी गूढविद्येचे अंग दिले, पाप्यूसने ती लोकप्रिय केली आणि १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ मंडळाने ग्रह, राशी, चार तत्त्वे आणि हिब्रू अक्षरे सगळी ७८ पानांत बसवली.

या पंडिती टॅरोच्या बाजूने दुसराही एक प्रवाह वाहत होता. न्यूरेंबर्गच्या योहान कास्पर हेख्टेलने १७९९ च्या सुमारास ‘आशेचा खेळ’ नावाचा घरगुती खेळ काढला. ३६ पाने सहा-सहाच्या ओळींत मांडायची, फासे टाकून सोंगटी पुढे न्यायची आणि पस्तिसाव्या पानावरच्या नांगरापर्यंत पोहोचणारा जिंकला. छत्तिसावे पान क्रूसाचे, तिथे गेलेला अडकला. घोडेस्वार, जहाज, घर, झाड, साप, किल्ली अशी ओळखीची चित्रे आणि प्रत्येकावर कोपऱ्यात खेळण्याच्या पत्त्याची छोटी प्रतिमा. पॅरिसमध्ये मारी आन लनोरमाँ ही भविष्यवेत्ती सम्राज्ञी जोसेफीनच्या ओळखीने गाजली होती. १८४३ साली ती वारली आणि प्रकाशकांनी हेख्टेलची पाने तिच्या नावाने विकायला काढली. तिने ती वापरल्याचा पुरावा नाही, तरी ‘लनोरमाँ’ हे नाव टिकले. या पानांचे वाचन टॅरोहून वेगळे. एक पान क्वचितच एकटे वाचतात. जहाजाशेजारी पत्र आले तर दूरची बातमी, घराशेजारी साप आला तर घरातला गुंता, अशी ती वाक्यासारखी जोडली जातात. रोजच्या वाचनासाठी दोन किंवा तीन पाने काढण्याची चाल त्यातूनच आली.

एका पानाचे रोजचे वाचन सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणणारा कॅट डिसेंबर १९०९ मध्ये लंडनला विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकाने काढला. कल्पना ‘गोल्डन डॉन’च्या आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. स्मिथ १८७८ साली लंडनमध्ये जन्मल्या, बालपण मँचेस्टर आणि जमैकात गेले, चित्रकला ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत शिकल्या. लायसियम नाटकमंडळीबरोबर त्या फिरल्या, अभिनेत्री एलेन टेरी त्यांच्या स्नेही होत्या. छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या न्यू यॉर्कमधल्या दालनात १९०७ मध्ये छायाचित्रांखेरीज पहिले प्रदर्शन लागले ते स्मिथ यांच्या चित्रांचे. टॅरोची चित्रे त्यांनी काही महिन्यांत पूर्ण केली आणि मोबदला फारच थोडा मिळाल्याचे स्टिग्लिट्झ यांना पत्रातून कळवले. बावीस पानांसाठी वेट यांच्या सूचना होत्या. बाकीच्या छोट्या पानांची चित्रे बहुतांशी स्मिथ यांच्या कल्पनेतून उतरली, असे अभ्यासक मानतात.

त्या चित्रांतच या कॅटचे महत्त्व आहे. पेल्यांची पंजी घ्यावी. मार्सेय टॅरोत पाच पेले आणि वेलबुट्टी एवढेच दिसते. खेळण्याच्या पत्त्यांत तिची जागा बदामाची पंजी घेते, तिथे पाच लाल बदाम. स्मिथ यांच्या पानावर काळा झगा पांघरलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. समोर तीन पेले कलंडून सांडलेले आणि पाठीमागे दोन पेले सुलटे उभे आहेत, ज्यांच्याकडे तिचे लक्ष नाही. पलीकडे नदी, तिच्यावर पूल, पैलतीरी एक घर. हे पान सकाळी हाती आले तर पुस्तक उघडण्याची गरज नाही. पाहणारा दुःखाकडे पाहील, मागच्या दोन पेल्यांकडे पाहील किंवा पुलाकडे, तो ज्या मनःस्थितीत असेल तसे. अनेक पानांवर आकृत्या सपाट रंगमंचावर उभ्या आहेत आणि मागे पडद्यासारखे दृश्य आहे. त्यात नाटकमंडळीत काढलेली वर्षे दिसतात. सगळ्या साध्या पानांवर दृश्ये रंगवण्याचे आधीचे मोठे उदाहरण इटलीतल्या १४९१ च्या ‘सोला बुस्का’ कॅटचे. त्याची छायाचित्रे १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती. हृदयात तीन तलवारी खुपसलेले स्मिथ यांचे पान त्या कॅटशी ताडून पाहिले की उसनवारी लगेच ओळखू येते. वेट यांनी दुसराही एक बदल केला: शक्तीचे पान आठवे आणि न्यायाचे अकरावे केले. जुन्या फ्रेंच क्रमात ती उलट होती. दोन कॅट आलटून पालटून वापरणाऱ्याचा गोंधळ होतो तो यामुळेच.

स्मिथ १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड इथे कर्जात वारल्या. कॅट अनेक दशके ‘रायडर-वेट’ या नावाने विकला गेला, प्रकाशक आणि लेखक दोघांचे नाव घेऊन, चित्रकर्तीचे वगळून. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांची वळणदार आद्याक्षरे असूनही हे चालले. अलीकडे ‘वेट-स्मिथ’ म्हणण्याची रीत पडते आहे. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज गूढवादी अलिस्टर क्रोलीच्या सांगण्यावरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी ‘थोथ’ टॅरो रंगवला. १९४४ मध्ये पुस्तक निघाले, पत्ते दोघांच्या मृत्यूनंतर १९६९ साली आले. रंग, भूमिती आणि ज्योतिषचिन्हांनी भरलेला हा कॅट अभ्यासूंचा. छोट्या पानांवर ‘पराभव’, ‘विपुलता’ असे एकेक शब्द छापलेले असल्यामुळे रोजच्या वापरालाही तो जमतो.

प्रसाराचा खरा काळ त्याच सुमारास सुरू झाला. स्टुअर्ट कॅप्लन या अमेरिकी व्यापाऱ्याला १९६८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी जत्रेत एक स्विस टॅरो दिसला. त्याने तो आयात केला, कंपनी काढली आणि १९७१ पासून वेट-स्मिथ कॅट अमेरिकेत विकायला घेतला. एडन ग्रे यांच्या सोप्या पुस्तकांनी आणि १९८० मध्ये आलेल्या रेचल पोलॅक यांच्या लेखनाने वाचनाचा रोख बदलला. पुढे काय घडेल यापेक्षा मनात काय चालले आहे, याकडे लक्ष गेले. वेट यांनी प्रचारात आणलेली दहा पानांची मांडणी मोठ्या प्रश्नांसाठी राहिली, आणि रोजनिशीत एक पान नोंदवण्याचा परिपाठ शिकाऊंना सांगितला जाऊ लागला. १९८१ मध्ये व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगल यांचा गोल पानांचा ‘मदरपीस’ स्त्रीवादी चळवळीतून आला. त्यानंतर कॅट इतके झाले की मोजदाद अशक्य आहे. बहुतेकांच्या मुळाशी स्मिथ यांचीच दृश्ये असतात, पात्रे आणि पोशाख तेवढे बदलतात. मराठी वृत्तपत्रांतही राशिभविष्याच्या शेजारी टॅरोची सदरे येऊ लागली. पिंजऱ्यातल्या पोपटाकडून पाकीट उचलवून भविष्य सांगणारा रस्त्यावरचा ज्योतिषी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पान काढून कौल घेणे नवे वाटले नाही.

टॅरोच्या मूळ खेळाचा इतिहास या काळात जवळजवळ विसरला गेला होता. तो पुन्हा उभा केला ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी, १९८० च्या आपल्या जाड ग्रंथात. गूढवाद्यांच्या दाव्यांची त्यांनी कागदपत्रांनिशी तपासणी केली आणि शेकडो डावांचे नियम गोळा केले. तो खेळ आजही चालू आहे. बोलोन्यात ६२ पानांचा तारोक्किनो खेळतात, ऑस्ट्रियात ५४ पानांचा टारोक, आणि फ्रान्समध्ये १९७३ पासून टॅरो खेळणाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ स्पर्धा भरवतो. फ्रेंच खेळाडूंच्या ७८ पानांत आता बदाम, चौकट, किलवर, इस्पिक आहेत, आणि हुकमांवर मृत्यू किंवा सैतान यांच्याऐवजी मोठे आकडे आणि घरगुती, बागबगीच्यातली दृश्ये छापलेली असतात.